‘नाही’ म्हणता येईल एवढं घर

पहिलं घर घेणाऱ्याला सगळे आधी एकच विचारतात, बजेट किती? मला त्याच्याही आधी दुसरं काही विचारावंसं वाटतं. समोरचं घर कितीही आवडलेलं असो, या क्षणी ‘नको’ म्हणून उठून यायची तुझी तयारी आहे का? असेल तर बाकीचं सगळं शिकता येतं. नसेल, तर कितीही माहिती गोळा केली तरी तिचा उपयोग होत नाही, कारण ती वापरायची वेळ येते तेव्हा माणूस आधीच बांधला गेलेला असतो.

मी काही वर्षं घरकर्जाचे अर्ज तपासण्याचं काम केलं. टेबलापलीकडे येऊन बसणारी माणसं बहुतेक वेळा घर ठरवून, इसार देऊन, घरच्यांना सांगून मगच यायची. कागदात काही अडचण दिसली आणि मी ती सांगितली, की त्यांच्या चेहऱ्यावर शंका उमटायची नाही, भीती उमटायची. घरात खोट निघेल याची भीती कमी आणि घर हातचं जाईल याची जास्त. त्या टप्प्यावर माणूस वाईट बातमी ऐकूच शकत नाही. म्हणून ओळखीतलं कुणी घर बघायला निघालं की मी शक्य तितक्या लवकर बोलून घेते, पहिलं घर आवडायच्या आत. घर आवडल्यानंतर सल्ला देणं फार अवघड असतं.

सुरुवात पैशांपासून करते, कारण नकाराची पहिली ताकद तिथूनच येते.

कर्ज देणारी संस्था तुम्हाला एक आकडा सांगते, ‘तुम्हाला इतकं मिळू शकेल.’ तो आकडा ऐकून माणसाची छाती फुगते. पण तो काढताना बघितलेलं असतं ते एवढंच, की तुम्ही हप्ता चुकवण्याची शक्यता किती आणि चुकवलात तर घर विकून पैसे वसूल होतील का. तुमच्या आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च, मूल झाल्यावर दोघांपैकी एकाला वर्षभर घरी राहावंसं वाटेल ही शक्यता, नोकरी सोडून काही वेगळं करायची मनातली इच्छा, यातलं काहीही त्या गणितात येत नाही. ते तिथे येणारही नाही, कारण ते गणित संस्थेच्या सुरक्षिततेसाठी असतं. घराची किंमत तपासायला येणारा मूल्यांकनकारही संस्थेचा आणि कागद बघणारा वकीलही संस्थेचा. ‘बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे घर चोख असणार’ हा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो सोडून द्यावा. बँकेला एवढंच कळलेलं असतं, की तिचे पैसे बुडणार नाहीत.

आता थोडं गणित. कंटाळा आला तरी वाचा, पुढची वीस वर्षं या आकड्यांत जायची आहेत. समजा 1000 चं कर्ज आहे, चलन कोणतंही घ्या. व्याज वर्षाला 9 टक्के, मुदत 20 वर्षं. दरमहा हप्ता जवळपास 9 येतो. पहिल्या महिन्यात त्या 9 पैकी साडेसात व्याजात जातात आणि मुद्दल फिटते फक्त दीड. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता भरल्यावर किती उरलं असेल? बहुतेक जण म्हणतात, निम्मं. प्रत्यक्षात 710 उरलेले असतात. निम्मी मुद्दल फिटायला पूर्ण 14 वर्षं लागतात. वीस वर्षांत एकूण भरले जातात साधारण 2160.

हप्ता जड वाटतोय म्हणून मुदत 30 वर्षं केली तर? हप्ता 9 वरून 8 च्या जरासा वर येतो, म्हणजे महिन्याला एकाहूनही कमी सुटका. आणि एकूण भरणा जातो 2900 च्या घरात. मुदत वाढवली की घर परवडायला लागलं असं वाटतं, म्हणून हा फरक आधी कागदावर मांडून बघा. कधीकधी लांब मुदत घेणं शहाणपणाचंही असतं. उत्पन्न अनियमित असेल तर हप्ता कमी ठेवून चांगल्या वर्षात जास्तीचे पैसे भरता येतात. पण तसं करायचं असेल, तर मुदतीआधी पैसे भरल्यावर दंड लागतो का हे करारात आधी बघावं लागतं. दंड नसेल तर वर्षातून एक हप्ता जास्तीचा भरण्यानं वरच्या उदाहरणातलं वीस वर्षांचं कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं.

यापेक्षा गंभीर गोष्ट बदलत्या व्याजदराची आहे. तेच 1000 चं, वीस वर्षांचं कर्ज सुरुवातीलाच 9 ऐवजी 10 टक्क्यांवर गेलं आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत वीसवरून सव्वीस वर्षांच्या पुढे जाते. कुणी दारात येऊन सांगत नाही. हप्ता तेवढाच कापला जातो आणि शेवटची तारीख मात्र गुपचूप सहा वर्षं पुढे सरकते. दर 11 टक्के झाला तर महिन्याचं व्याजच 9 च्या वर जातं. म्हणजे जुना हप्ता भरत राहिलात तर कर्ज फिटणं बाजूलाच, ते दर महिन्याला वाढत जाईल. अशा वेळी संस्था हप्ता वाढवते, आणि तो वाढलेला हप्ता भरायची जागा तुमच्या महिन्यात आधीपासून असायला हवी.

अमेरिकेत 2000 नंतरच्या दशकात जे घडलं त्याचा एक धागा हाच होता. तिथे पत कमी असलेल्या लोकांना दिलेल्या अनेक कर्जांत पहिली दोन वर्षं व्याज कमी आणि स्थिर असायचं आणि उरलेली अठ्ठावीस वर्षं ते बाजाराप्रमाणे बदलायचं. दोन वर्षांनी घराची किंमत वाढलेली असेल, तेव्हा नवं कर्ज काढून जुनं फेडू, या हिशेबावर लोकांनी सह्या केल्या. 2006 नंतर किमती उतरायला लागल्या आणि नवं कर्ज मिळेना. ज्या हप्त्यावर घर परवडत होतं तो हप्ता राहिलाच नव्हता. ती माणसं मूर्ख नव्हती. त्यांना पहिल्या दोन वर्षांचा हप्ता दाखवला गेला आणि त्यांनी तो खरा मानला.

म्हणून माझं सांगणं असं, की कर्ज घेण्याआधी किमान सहा महिने तो हप्ता जगून बघा. आजचं भाडं आणि होणारा हप्ता यातला फरक दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. हप्ताही आजचा धरू नका, दोन टक्के जास्त दरानं येणारा धरा. सहा महिन्यांनी दोन गोष्टी हातात येतात. एक तर थोडी रक्कम जमते. दुसरं, त्या हप्त्यानं आपलं आयुष्य किती आवळतं हे कुणाच्या सल्ल्याशिवाय कळतं. एका ओळखीच्या जोडप्यानं हे केलं आणि चौथ्या महिन्यात ठरवलं, की आपल्याला एक खोली कमी चालेल. त्यांना कुणीही समजावून सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

डाउन पेमेंटमध्ये सगळी शिल्लक ओतू नये, हे मी फार कळकळीनं सांगते. घराच्या किमतीशिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, कर्जाची प्रक्रिया, सामान हलवणं आणि आत गेल्यावर पहिल्याच महिन्यात निघणाऱ्या दुरुस्त्या असतात. यातल्या बऱ्याच गोष्टींना कर्ज मिळत नाही, ते रोखच लागतं. आणि हे सगळं भागल्यावरही सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यासकट, बाजूला उरला पाहिजे. तो उरत नसेल तर घर अजून परवडत नाही, मग मंजुरीपत्रावर काहीही लिहिलेलं असो.

यामागे फक्त काटकसर नाही. गळ्यापर्यंत कर्ज असलेला माणूस ऑफिसात अन्यायाविरुद्ध बोलू शकत नाही. नको असलेली बदली नाकारू शकत नाही. आजारी माणसाजवळ बसायला बिनपगारी रजा घेऊ शकत नाही. घर आपल्याला मोकळं करेल म्हणून आपण घेतो आणि तेच आपली मान खाली घालायला लावतं, हे मी इतक्या चांगल्या माणसांच्या बाबतीत बघितलं आहे की याबद्दल मला तटस्थपणे बोलता येत नाही. थोडं लहान, थोडं जुनं, थोडं लांबचं घर घेऊन ज्यांनी महिन्याअखेर हातात काही उरू दिलं, त्यांच्या घरात बसायला मला जास्त बरं वाटतं.

भाड्यात पैसे वाया जातात, असं ऐकवणारे भेटतील. भाडं परत येत नाही हे खरं, पण व्याजही परत येत नाही, देखभाल खर्चही नाही आणि मालमत्ता करही नाही. खरेदी-विक्रीचा खर्च इतका असतो की दोन-तीन वर्षांत घर विकावं लागलं तर बहुधा तोटाच होतो. पुढची सात-आठ वर्षं आपण याच गावात राहू अशी बऱ्यापैकी खात्री नसेल, तर भाड्यानं राहण्यात कमीपणा मुळीच नाही. ज्याला भाड्याचं घर शांतपणे चालू ठेवता येतं, त्यालाच विकत घ्यायच्या घराला नकार देता येतो.

आता प्रत्यक्ष घर बघण्याविषयी. इथे मी रेंगाळणार आहे.

विकणारा घर दाखवतो ते त्याच्या सोयीच्या वेळी. उजेड चांगला असतो, शेजारी कामावर गेलेले असतात, खिडक्या उघडून ठेवलेल्या असतात. तुम्ही दुसऱ्यांदा जा ते रात्री. तिसऱ्यांदा सकाळी, लोक कामावर निघतात त्या वेळी. आणि एकदा तरी मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा, कारण घर लपवतं ते सगळं पाऊस उघड करतो. इतक्या वेळा येऊ द्यायला मालक किंवा एजंट कुरकुरत असेल, तर तीही एक माहितीच आहे.

ओल कुठे आहे यावरून तिचं कारण ओळखता येतं. तळमजल्यावर भिंतीच्या पायथ्यापासून कमरेच्या आसपासपर्यंत रंग फुगलेला असेल आणि वरच्या बाजूला पांढरट क्षारांची रेघ असेल, तर ओल जमिनीतून चढते आहे. बाहेरच्या भिंतीवर किंवा खिडकीखाली मधेच डाग असेल तर पाणी बाहेरून आत येतंय, बहुतेक तड्यातून किंवा खिडकीच्या कडेनं. खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे काळपट बुरशी असेल आणि भिंत हाताला गार लागत असेल, तर आतलाच दमटपणा तिथे साचतो आहे, म्हणजे हवा खेळत नाही. छतावर तपकिरी कडा असलेला गोल डाग दिसला तर बहुधा वर कुणाचं तरी न्हाणीघर आहे आणि ते गळतंय. या शेवटच्या ओलीला मी सर्वांत जास्त घाबरते, कारण ती दुरुस्त करायला वरच्या माणसानं त्याची फरशी फोडू द्यावी लागते. तो तयार नसेल तर तुम्ही गवंडी कितीही चांगला आणलात तरी काही होत नाही. म्हणून डाग दिसला तर जिना चढा आणि वरच्या घराची बेल वाजवा. चार वाक्यं बोललात तरी पुढच्या वर्षांचा अंदाज येतो.

सगळ्या घरात एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का, ते विचारा. भिंतीला टेकवून ठेवलेलं मोठं कपाट हलवायला सांगायला संकोच वाटतो, पण सांगा.

तडे सगळेच वाईट नसतात. गिलाव्यावर केसासारख्या बारीक रेषा पडतातच. पण दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, एका टोकाला रुंद होत गेलेला, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारा तडा असेल तर इमारत कुठेतरी खचत असण्याची शक्यता असते. छताचे पोपडे पडून सळई दिसत असेल तर अधिकच सावध व्हा. लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. वरून सिमेंट थापून ते थांबत नाही. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन घर दाखवा. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या खरेदीआधी या माणसाची फी वाचवणारे लोक बघून मला मनापासून वाईट वाटतं.

बाकी काही लहान तपासण्या. सगळे नळ एकदम सोडा आणि मग फ्लश करा, पाण्याचा जोर किती टिकतो ते कळतं. सांडपाणी जमिनीवर साचतं की निघून जातं ते बघा. एक गोटी फरशीवर ठेवा, घरंगळते का ते बघा. विजेचा बोर्ड उघडून बघायला इलेक्ट्रिशियन न्या, त्यात अर्थिंग आहे का आणि विजेची गळती होताच वीज तोडणारं उपकरण आहे का, हे विचारा. सर्वांत वरचा मजला असेल तर गच्चीवर स्वतः चढा. खिडकीसमोर मोकळी जागा असेल तर ती कुणाची आहे आणि तिथे काय बांधायला परवानगी आहे, याची चौकशी नगररचना कार्यालयात करा. समोरच्या मोकळ्या जागेसाठी जास्त पैसे मोजले जातात आणि ती जागा तर तुमची नसते.

आणि रोजचा प्रवास. तो एकदा पूर्ण करून बघा, सुट्टीच्या दिवशी नव्हे, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीतून असं दाखवलं, की ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. स्वस्त किंवा मोठ्या घरानं ती भरपाई व्हायला हवी असं पुस्तकी अर्थशास्त्र म्हणतं, पण ती पुरेशी होत नव्हती. मोठ्या खोलीची सवय होते. रोजच्या ताटकळण्याची सहजी होत नाही. त्यामुळे आणखी एक खोली की रोजचे वाचणारे दीड तास, असा प्रश्न आला तर मी बहुतेकदा वेळेच्या बाजूनं बोलते.

इमारतीत फ्लॅट घेताना आपण चार भिंती बघतो, पण विकत घेत असतो एका समूहातली भागीदारी. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत 24 जून 2021 च्या मध्यरात्रीनंतर अर्धवट कोसळली आणि 98 माणसं गेली. त्याआधी 2018 मध्ये एका इंजिनिअरनं तपासणी करून लिहून दिलं होतं, की जलतरण तलावाभोवतालच्या भागाचं वॉटरप्रूफिंग निकामी झालं आहे, पाण्याला वाहून जायला उतार नाही आणि खालच्या काँक्रीटच्या स्लॅबचं मोठं नुकसान होतं आहे. खर्च मोठा होता, रहिवाशांत वाद झाले, वर्षं गेली. ती दुरुस्ती सुरू व्हायचीच होती.

असं टोकाचं क्वचितच होतं. पण दुरुस्ती पुढे ढकलणारी इमारत सगळीकडे असते, आणि ती ओळखायची जागा म्हणजे सभांची इतिवृत्तं. गेल्या तीन-चार वर्षांची मागा. त्यात कशावरून भांडणं होतात, कोणती गळती दर वर्षी येते, कोण देखभाल खर्च थकवतं, दुरुस्तीसाठी राखीव निधी किती आहे, लिफ्ट कधी बदलायची आहे, हे सगळं लिहिलेलं असतं. दरमहा देखभाल खर्च फार कमी आहे हे कौतुकानं सांगितलं जातं. जुन्या इमारतीत तो कमी असेल तर मी जास्त काळजीत पडते, कारण आज न घेतलेले पैसे पुढे एकदम मागितले जातात, आणि ते मागितले जातील तेव्हा मालक तुम्ही असाल.

कागदांबद्दल एक मूलभूत गोष्ट बऱ्याच सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. दस्त नोंदवला गेला म्हणजे मालकी पक्की, हे सगळीकडे खरं नाही. 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टोरेन्स यांच्या पुढाकारानं अशी पद्धत आली, की सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि याची हमी सरकारची. अनेक देशांनी ती उचलली. पण जिथे ती नाही तिथे नोंदणी कार्यालय फक्त एवढंच सांगतं, की अमुक दिवशी या दोघांत असा व्यवहार झाला. विकणारा खरोखर मालक होता का, हे ते सांगत नाही. ते शोधायचं काम तुमचं. मागच्या तीस-चाळीस वर्षांतली प्रत्येक खरेदी, वारसा, वाटणी, बक्षीसपत्र यांची साखळी कुठेही न तुटता आजच्या विक्रेत्यापर्यंत येते का, घरावर कुणाच्या कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात काही चालू आहे का, हे बघायला स्वतःचा वकील हवा. विकणाऱ्यानं सुचवलेला नको, एजंटच्या ओळखीतलाही नको. वारसाहक्कानं आलेलं घर असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, परदेशी असलेल्या बहिणीचीसुद्धा. ‘ती काही म्हणणार नाही’ हा भरवसा कागदावर चालत नाही. मुखत्यारपत्रावर विक्री होत असेल तर मूळ मालक हयात आहे ना आणि ते पत्र अजून लागू आहे ना, याची खात्री स्वतः करून घ्या.

बांधकाम चालू असलेलं घर घेणार असाल तर पैसे तारखेप्रमाणे नव्हे, तर बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे द्यायचा करार करा. ताबा लांबला तर काय, याचं कलम वाचा. भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम किती महिने भरता येईल, हे आधी मोजून ठेवा. त्या बांधकाम व्यावसायिकाच्या आधीच्या इमारतीत जाऊन तिथल्या रहिवाशांशी बोललात तर माहितीपत्रकातून जे कळत नाही ते अर्ध्या तासात कळतं.

मग येतो घाईचा प्रसंग. ‘उद्या सकाळी दुसरं एक कुटुंब येतंय.’ हे वाक्य कधी खरंही असतं. तरी उत्तर एकच ठेवायचं: आम्हाला इतके दिवस लागतील, तोवर गेलं तर गेलं. हे म्हणताना आवाज कापतो, मला ठाऊक आहे. म्हणूनच घर बघायला जायच्या आधीच, घरी बसून, आपला सर्वांत वरचा आकडा कागदावर लिहून ठेवावा. दोघे असाल तर दोघांनी तो मान्य करावा. 1971 मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन इंजिनिअरांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून एक गोष्ट मांडली होती. तेल नेमकं किती निघेल हे कुणालाच माहीत नसतं, प्रत्येक जण अंदाज बांधतो, आणि लिलाव जिंकतो तो बहुधा ज्याचा अंदाज सर्वांत जास्त फुगलेला असतो तो. घराच्या बाबतीतही चार जण बोली लावत असतील तर थोडं थांबून विचारावं, आपल्याला असं काय दिसतंय जे उरलेल्या तिघांना दिसत नाही? कधीकधी याचं खरं उत्तर असतं. शाळा जवळ आहे, आईचं घर पलीकडच्या गल्लीत आहे. तेव्हा जास्त द्यायला हरकत नाही. उत्तर सापडलं नाही तर लिहिलेला आकडा ओलांडू नये.

इसार देताना पावतीवर एवढं लिहून घ्या: कागदांत दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं तर रक्कम इतक्या दिवसांत परत. या एका ओळीवर विकणारा अडून बसला तर सावध व्हायला तेवढं कारण पुरेसं आहे. आणि इसार गमवावा लागला तरी वाईट घरातून बाहेर पडणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. गेलेल्या पैशासाठी उरलेले पैसे घालू नयेत, हे डोक्याला पटतं. मनाला पटायला सोबत एखादं जवळचं, घराच्या मोहात नसलेलं माणूस लागतं. ते माणूस आधीच निवडून ठेवा.

एक नाजूक विषय उरला. घर दोघांचं असतं, पैसे मात्र क्वचितच समसमान येतात. एकाच्या वडिलांनी मदत केली, दुसऱ्याचा पगार जास्त, एकानं आधीची बचत घातली. ही मदत भेट होती की उसनी, कागदावर नावं कुणाची आणि किती हिश्शानं, एकाची नोकरी गेली तर हप्ता कोण भरणार, आणि उद्या वेगळं व्हायची वेळ आली तर काय, हे प्रेमाच्या दिवसांतच बोलून लिहून ठेवावं. हे बोलणं अविश्वासाचं वाटतं. पण पुढे कडू झालेल्या अनेक नात्यांत मला एवढंच दिसलं, की प्रत्येकाच्या मनात वेगळा करार होता आणि तो कुणी मोठ्यानं वाचला नव्हता. जी बाई पगार घरखर्चात घालते आणि हप्ता नवऱ्याच्या खात्यातून जातो, तिचं नाव कागदावर आहे का, हे तर मी हटकून विचारते. घरखर्च चालला म्हणूनच हप्ता भरला गेला, मग घर तिचंही आहे, आणि ते कागदावरही तसंच असलं पाहिजे.

कर्जाएवढा साधा मुदत विमा घ्या, शक्यतो कर्ज देणाऱ्याच्या पॅकेजमधला न घेता स्वतंत्र, म्हणजे उद्या कर्ज दुसरीकडे हलवलं तरी तो चालू राहतो. आत राहायला गेल्यावर पहिलं वर्ष मोठी तोडफोड करू नका. एक पावसाळा, एक उन्हाळा त्या घरात काढा. ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, कोणती खोली खरोखर वापरली जाते हे कळल्यावर केलेला खर्च सहसा वाया जात नाही.

आणि कर्ज देणाऱ्याकडे मूळ कागद सोपवाल त्या दिवशी प्रत्येक कागदाची यादी करून तिच्यावर त्यांची सही-शिक्का घ्या, सगळ्याच्या स्वच्छ प्रती काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. शेवटचा हप्ता भरला की काम संपलं असं समजून कित्येक जण थांबतात. त्यानंतर तीन गोष्टी बाकी असतात. काही येणं उरलेलं नाही असं पत्र घ्यायचं, त्या यादीप्रमाणे मोजून मूळ कागद परत आणायचे, आणि नोंदणी कार्यालयातून घरावरचा बोजा उतरवल्याची नोंद करून घ्यायची. ती नोंद राहून गेली, तर कितीतरी वर्षांनी घर विकताना किंवा मुलांच्या नावावर करताना फिटलेलं कर्ज कागदावर तसंच उभं दिसतं. त्यामुळे ही तिन्ही कामं त्याच महिन्यात उरकून टाका.